एसी कसा आहे?

“आधी हात लाव. हत्यार मागून.”

बॉनेट उघडलं की हा आवाज आतूनच आल्यासारखा येई. जरा हसरा, जरा घाईतला. “पाइप काही चावत नाही गं. कुठे तापलंय, कुठे गार आहे, ते आधी हाताला कळू दे.” नव्या नवरीचं मनगट धरून नवऱ्याने तिचा तळवा पाइपवर टेकवला होता, त्याला किती उन्हाळे लोटले. माणूस गेला, आवाज तेवढा गॅरेजच्या कामाला राहिला.

वहिनीने जाड पाइपवर तळवा ठेवला. तो विहिरीच्या पाण्यासारखा लागायला हवा होता. कोमट होता. शेजारचा बारीक पाइपही कोमटच. इंजिन चालू होतं, आतला पंखा जीव खाऊन फिरत होता, पण येणारा वारा म्हणजे नुसता वारा. त्यात गारवा नव्हता.

“काय म्हणतोय?” गाडीला टेकून उभ्या असलेल्या नणंदेने विचारलं.

“काही म्हणत नाही. रुसलाय.” वहिनीने मान वर न करता सांगितलं. “गाडी कुणाची आहे शेवटी? मालकाचा गुण लागणारच. रुसला की दोन दोन दिवस तोंडातून शब्द नाही.”

“माझ्या दादाला नावं ठेवू नकोस हं.”

“तुमचा दादा नंतर. आधी माझा नवरा. नावं ठेवायचा हक्क माझा, वन्सं.”

नणंद हसली. हसताना तिने उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. ती आली तेव्हापासून तसंच धरून उभी होती.

सगळी गल्ली हिला वहिनी म्हणे. टायरवाला, सीट शिवणारा, समोरचा रेडिएटरवाला, गाडी घेऊन येणारे अनोळखी लोकसुद्धा. पण त्या शब्दावर खरा हक्क या एकीचा होता. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही शाळेत जात होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि सगळ्या घरात मीच शहाणी असा चेहरा. एवढ्याशा पोरीला थट्टेने ‘अहो वन्सं’, ‘या वन्सं’, ‘आपण दूध प्यायलात का वन्सं’ असं सुरू केलं, ते तसंच राहून गेलं. पोरगी मोठी झाली, परगावी सासरी गेली, केसांत एखादी रुपेरी रेघ आली, तरी वहिनी तिला अहो-जाहो करी आणि ती वहिनीला अगं-तुगं. सासू-सासरे गेले. मग मधला दुवाही गेला. घर म्हणून जे काही उरलं ते हे गॅरेज, वरची एक खोली, आणि या दोघी.

गाडी दादाची. तो गेल्यावर ती गॅरेजात उभी दिसली की वहिनीला काम सुधरत नसे. म्हणून तिने ती नणंदेला देऊन टाकली. लेक सासरी पाठवावी तशी धुऊन-पुसून पाठवली. आणि मग लेकीसारखीच ती दर उन्हाळ्यात परत यायला लागली. कारण ठरलेलं: एसी गार होत नाही. वहिनी गॅस भरायची. तेवढ्या वेळात नणंद आतल्या स्टुलावर बसायची, भिंतीवरच्या पान्यांवरून बोट फिरवायची, बटण तुटलेला रेडिओ कानाशी धरून हलवायची. बाहेर येताना तिचे डोळे ओले असायचे आणि दोघींपैकी कुणी त्यावर बोलायचं नाही. वहिनीने ते सगळं तसंच ठेवलं होतं. स्टूल, रेडिओ, पाने. तिला स्वतःला त्यातलं निम्मं अडचणीचं होई. पण नणंद येते ती भावाच्या घरी येते, आणि ते घर तिला दिसलं पाहिजे, असं तिने मनाशी धरलं होतं.

परवा मात्र वहिनीने फोन केला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. तोंडात वाक्य तयार होतं. अंघोळ करताना म्हणून पाहिलं होतं, भाजी चिरताना म्हणून पाहिलं होतं. पलीकडून “बोल वहिनी” असं आलं आणि वाक्याने पाठ फिरवली. भलतंच बाहेर पडलं.

“गाडीचा एसी कसा आहे?”

मग नणंद म्हणाली, “बिघडलाय की. येऊ का घेऊन?”

आणि ती आली होती. ऐन दुपारी, एवढी वाट तुडवून. वहिनीला आता कुठे जाणवलं की या उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

तिने पुन्हा आत डोकं घातलं. कॉम्प्रेसरचा पट्टा फिरत होता, पण त्याच्या तोंडावरची चकती जागच्या जागी उभी होती. म्हणजे कॉम्प्रेसर कामाला लागतच नव्हता. गॅस संपला की तो असाच बसून राहतो, दरवर्षीचंच दुखणं. वहिनीने गॅसचा दाब मोजायचं गेज आणलं, नळ्या जोडल्या आणि सवयीने हात पुसायला फडकं उचललं. काटा तळाशी पडून राहणार हे तिला न बघताही ठाऊक होतं.

तिने पाहिलं तर दोन्ही काटे वर चढून ठामपणे उभे होते.

गॅस होता. नुसता होता असं नाही, पुरेपूर होता.

वहिनी फडकं हातात धरून तशीच राहिली. मग वाकून तिने पाइपाच्या जोडाकडे पाहिलं. दरवर्षी या जोडाभोवती तेलकट धुळीचं एक काळं कडं जमलेलं असे. गॅस तिथूनच झिरपायचा. आज तो जोड स्वच्छ होता. नटावर दुसऱ्याच कुणाच्या पान्याचे ताजे ओरखडे होते.

त्या जोडाच्या आत एक रिंग असते. रबराची, करंगळीत घालावी एवढी. जुनी झाली की कडक होते आणि गॅस हळूहळू निघून जातो. बदलायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात वहिनीने जोड उघडला होता आणि रिंग पाहिली होती. नव्या रिंगांचं पाकीट समोरच खिळ्याला लटकत होतं. हात पाकिटाकडे गेला. मागे नणंद स्टुलावर बसून रेडिओ हलवत होती. वहिनीने हात मागे घेतला, जुनीच रिंग पुसून परत बसवली आणि गॅस भरला. पुढच्या उन्हाळ्यात तेच. त्याच्या पुढच्याही. गॅस तिचा, घाम तिचा. त्यात कुणाचं काही बुडत नव्हतं. पण साऱ्या गल्लीत जिच्या कामाचा दाखला देत, त्या बाईने एक गाडी मात्र कधीच पुरती दुरुस्त केली नव्हती.

ती रिंग आता कुणीतरी बदलली होती.

“काय झालं?” नणंदेने विचारलं.

“काही नाही. बघते.”

“गॅस संपला असेल ना? दरवर्षीसारखा?”

“बघते म्हटलं ना, वन्सं. डॉक्टरला मधे मधे विचारू नये.”

तिने फ्यूज काढून उन्हाकडे धरला. आतली तार शाबूत. पेटीतला एसीचा रिले, वीज सोडणारी छोटी डबी, काढला. तो नि हॉर्नचा रिले एकसारखेच. एसीचा तिने हॉर्नच्या जागी बसवला; हॉर्न वाजला तर रिले चांगला.

“आत बसा आणि हॉर्न वाजवा.”

नणंदेने वाजवला. गाडी जुनी असली तरी गळा खणखणीत होता. सावलीत पसरलेला गल्लीतला कुत्रा उठून उभा राहिला, आणि समोरच्या दुकानातून रेडिएटरवाला बाहेर आला. साठीकडे झुकलेला, उंच, हातात डागणीच्या कामाचे जाड मोजे. तो रस्ता ओलांडून गॅरेजच्या उंबऱ्याशी थांबला आणि खोकला.

वहिनीने वळून पाहिलं.

“पाना,” तो म्हणाला. खिशातून काढून त्याने एक पाना दाराजवळच्या फळीवर ठेवला. “परवा नेला होता. द्यायचा राहिला.”

“बरं.”

तो तिथेच उभा राहिला. नजर वहिनीकडे. भुवया किंचित वर गेल्या, विचारल्यासारख्या. वहिनीने मान अगदी थोडी हलवली: अजून नाही. त्याने खाली पाहिलं, पुन्हा एकदा खोकला, आणि परत गेला. दुकानात गेल्यावर त्याने झाडू उचलला आणि सकाळीच झाडलेली पायरी झाडायला लागला.

“यांना खोकला झालाय का?” नणंदेने गाडीतूनच विचारलं.

“हो. बरेच दिवस आहे.”

खोकल्याचं कारण वहिनीला ठाऊक होतं. इतकी वर्षं हा माणूसही तिला वहिनीच म्हणत आला होता. दुकानं समोरासमोर, त्याची बायको गेली त्यालाही काळ लोटला. मग या हिवाळ्यात एका संध्याकाळी, शटर ओढताना, त्याने एक गोष्ट विचारली. विचारल्या दिवसापासून त्याच्या तोंडून वहिनी हा शब्द निघेना. नाव घ्यायची अजून सोय नव्हती. हाक मारायला काही उरलंच नाही म्हणून बिचारा खोकायचा. वहिनीने हो म्हटलं होतं. कोर्टात जाऊन सह्या करायच्या, एवढाच बेत. पण तो अडून बसला होता. “तुमच्या घरचं म्हणावं असं एकच माणूस आहे,” त्याने सांगितलं होतं. “तिच्या कानावर घाला. तिला दुसऱ्याकडून कळलं तर मला ते बरं वाटणार नाही.”

घालते, असं वहिनी म्हणाली होती. आणि फोनवर एसीची चौकशी करून बसली होती.

तिला नणंदेच्या रागाची भीती नव्हती. ती रागावली असती तर समजूत घालता आली असती. भीती दुसरीच होती. ही समजून घेईल, छान झालं म्हणेल, गळ्यातही पडेल. आणि मग पुढच्या उन्हाळ्यात गाडी घेऊन निघताना हिचा पाय अडखळेल. भावाच्या घरी जायला कारण लागत नाही. परक्याच्या घरी कुठल्या नात्याने जायचं? एक उन्हाळा जाईल, दुसरा जाईल. फोन येतील, ‘बरी आहेस ना’ होईल. मग सणावारी एखादी भेट. या जगात वहिनीच्या डोळ्यांसमोर लहानाचं मोठं झालेलं असं एकच माणूस होतं, आणि तेही तिचं स्वतःचं नव्हतं. नवऱ्याकडून आलेलं होतं.

“उतरा. गाडी बंद करा,” ती म्हणाली. “खाली जाऊन बघते.”

तिने पुठ्ठा अंथरला, टॉर्च घेतला आणि पुढच्या चाकाशेजारून आत सरकली. सरकताना सवयीने काहीतरी गुणगुणली. पूर्वी ती नणंदेवर अशा ओव्या रचायची, तिला चिडवायला; दळण नाही, जातं नाही, नुसता नळ सोडून भांडी घासताना.

“वन्सं माझ्या आल्या, डोईवर ऊन घेऊनी,
बसा म्हणते तर बघती घड्याळाला वळूनी.”

“मी कुठे घड्याळ बघतेय?” वरून आवाज आला. “आज मी आरामात आलेय. घरी सांगून आलेय, उशीर होईल म्हणून.”

वहिनीचं गुणगुणणं थांबलं.

टॉर्चच्या उजेडात कॉम्प्रेसर दिसत होता. त्याच्यापाशी येणारी वायर दिसत होती. आणि त्या वायरचा प्लग सुटून बाजूला लोंबत होता.

हा प्लग गचक्यांनी निघत नाही. त्याच्या पोटाशी एक खटका असतो. तो अंगठ्याने दाबायचा, दाबून धरायचा आणि मगच ओढायचा. नवऱ्याने हौसेने बायकोला शिकवलं होतं, आणि वेण्यांच्या बहिणीलाही. तेव्हा दोघींनी पैज लावून तो कितीदा तरी काढला-घातला होता. वहिनीने टॉर्च जवळ नेला. प्लगवर बाहेरून रस्त्याची धूळ होती. आतल्या पट्ट्या मात्र लख्ख होत्या. काल-परवाही नाही, हा आत्ताच, इथेच कुठेतरी काढलेला होता.

तिने मान कलती केली. गाडीखालून नणंदेचे पाय दिसत होते. डाव्या पायाची टाच जमिनीवरून उचललेली. शाळेत असताना खोटं बोलली की ती टाच अशीच वर जायची. गृहपाठ झाला? झाला. टाच वर.

वहिनी पुठ्ठ्यावर पडून राहिली. तिला हसू आलं. प्लग बसवायला बोट पुरलं असतं. तिने तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“सापडलं का गं?”

“वेळ लागेल जरा.”

“लागू दे,” नणंद पटकन म्हणाली. “मला घाई नाही.”

वहिनीने पाना उचलला आणि उगाचच एका लोखंडी पट्टीवर ठोकला. थांबली. पुन्हा ठोकला. वर ऐकणाऱ्याला काम चाललंय असं वाटावं म्हणून. उन्हातून एक पाखरू गॅरेजच्या सावलीत येऊन बसलं आणि त्या ठकठकीने उडून गेलं. समोर झाडू अजून चालूच होता.

शेवटी ती बाहेर सरकली आणि बसल्या जागी म्हणाली, “हात दाखवा.”

“कसला हात?”

“मघापासून लपवलाय तो.”

नणंदेने मनगट आणखी घट्ट धरलं. मग सोडलं. आतल्या बाजूने एक लाल रेघ उमटली होती, सरळ, ताजी, कडेला फुगत चाललेली.

“चटका कशाचा?”

“चहाचा. सकाळी.”

“चहा असा सरळ रेघेत सांडतो होय? पट्टी लावून ओतला होता का?”

वहिनी उठली. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी तांब्यात घेतलं, नणंदेला हाताला धरून दाराशी नेलं आणि मनगटावर बारीक धार सोडली.

“तापलेल्या इंजिनात हात घालायचा तर पाच मिनिटं थांबावं,” ती म्हणाली. “शिकवलं नव्हतं का तुम्हाला?”

नणंदेने डोळे मिटून घेतले. पाण्यामुळे असेल.

“थांबले असते गं. पण कोपऱ्यावर गाडी लावली होती, आणि तो टायरवाला येऊन विचारायला लागला, ताई काही मदत करू का. म्हटलं, याने येऊन तुला सांगितलं तर संपलंच. घाईत घातला हात.”

“म्हणजे तिथपर्यंत एसी चालू होता.”

“सगळी वाट गारेगार आले. शाल घ्यावी लागली.”

वहिनीला हसू आवरेना. पाण्याची धार हलली.

“अहो पण कशासाठी?”

“तू विचारलंस ना, एसी कसा आहे?” नणंद म्हणाली. “चांगला आहे म्हटलं असतं तर तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असतास. तुझा आवाज नीट नव्हता. म्हटलं, हिला काहीतरी झालंय. बिघडलाय म्हणून मोकळी झाले. मग निघायच्या आधी बिघडवायला हवा ना? घरी काढला असता तर एवढी वाट घामाघूम यावं लागलं असतं. मी एवढी पण साधी नाही.”

तांब्या रिकामा झाला. वहिनीने फडक्याच्या स्वच्छ टोकाने तिचं मनगट टिपलं, चटक्याला लागणार नाही असं.

“आणि ती रिंग कुणी बदलली?” तिने हळूच विचारलं.

नणंदेने पायाकडे पाहिलं. “यांनी. थंडीत गाडी सर्व्हिसिंगला नेली, मला न विचारता. तिथल्या माणसाने झाकण उघडून बघितलं आणि सांगितलं, एवढीशी रिंग गेलीये. जागच्या जागी बदलून दिली. घरी येऊन हे मला म्हणाले, तुझ्या वहिनीला इतक्या वर्षांत एवढं दिसलं नाही?”

वहिनीचा चेहरा उतरला. “मग? तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, तिला चष्मा लागलाय. पण ती लावत नाही. बायकांना आवडत नाही ना म्हातारं दिसायला.”

“मला चष्मा?”

“मग काय सांगू? खरं सांगू?” नणंदेने खिळ्याकडे बोट केलं. “ते पाकीट तुझ्या नाकासमोर टांगलेलं असतं, वहिनी. तू दरवर्षी त्याच्याकडे बघतेस आणि मग इकडे फडकं शोध, तिकडे पाना शोध. मी स्टुलावर बसून सगळं बघत असायची. एकदा तर मला वाटलं, आता घेते ही हातात. जीव नुसता टांगणीला.”

यावर दोघी इतक्या हसल्या की कुत्रा पुन्हा उठून बसला. वहिनीने डोळे पुसले तेव्हा गालावर ग्रीसचा पट्टा उमटला, आणि तो बघून नणंद आणखी हसली. समोरचा झाडू थांबला होता. रेडिएटरवाला खांबाआड उभा राहून इकडे बघत होता. आपण दिसतोय हे त्याला कळत नव्हतं.

हसू ओसरलं. ते ओसरल्यावर जी जागा रिकामी होते तिथे एकीलाही पाऊल टाकवेना.

“बसवते प्लग,” वहिनी म्हणाली.

या वेळी तिला एक क्षण लागला. खटक्याचा आवाज आला. नणंदेने गाडी सुरू केली, बटण दाबलं, आणि कॉम्प्रेसर टक् करून कामाला लागला. वहिनीने तळवा ठेवला. जाड पाइप हाताखाली हळूहळू गार होत गेला, मग त्यावर बारीक थेंब धरले. तिने बॉनेट लावलं. आता करायला काही राहिलं नव्हतं.

“आत येऊन बघ तरी,” नणंदेने काच खाली करून हाक मारली.

वहिनी शेजारच्या सीटवर जाऊन बसली. तिने दार लावलं, नणंदेने काचा चढवल्या. गल्लीचे आवाज बाहेर राहिले. गाडीत आता गार वारा आणि जुन्या पंख्याची घरघर, एवढंच. गल्लीतलं ऊन समोरच्या काचेपलीकडे पांढरंफटक पडलं होतं, आणि त्यात तो उंच माणूस झाडू भिंतीला टेकवून, काय करावं न सुचून, उभा.

“आता सांग,” नणंद म्हणाली. “फोनवर जे सांगायचं राहिलं ते.”

वहिनीने मांडीवरचं फडकं उलगडलं. पुन्हा घडी घातली.

“वन्सं…” ती म्हणाली. थांबली. मग ते अहो-जाहो कुठे गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. “हे बघ. समोरचे आहेत ना…”

“खोकलावाले.”

“हं.”

“तुला वहिनी म्हणत नाहीत ते आता. मघाशीच लक्षात आलं माझ्या.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. नणंद समोर बघत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“त्यांनी मला विचारलंय. मी हो म्हटलंय.” एकदा तोंडातून निघाल्यावर ते फारच छोटं वाटलं. “तुला सांगितल्याशिवाय सह्या करायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे. तेच सांगायला फोन केला होता. बोलता आलं नाही.”

नणंदेने स्टिअरिंगवरचा एक हात काढून हवेच्या झरोक्यासमोर धरला, चटक्याचं मनगट. गार वारा त्यावर घेत राहिली.

ते वहिनीला सोसेना. तिने बोलायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना.

“पण इथलं काही हलणार नाही. ऐकतेस ना? मी त्यांना आधीच सांगितलंय. ते स्टूल मी तसंच ठेवणार आहे. पाने भिंतीवरच राहतील, त्यांच्याच क्रमाने. रेडिओ कुणी हलवणार नाही. वरच्या खोलीत त्याचा फोटो आहे, तोही राहील. तू येशील तेव्हा तुला सगळं जसंच्या तसं दिसेल. दुसऱ्या कुणाच्या घरी आलेय असं तुला कधी वाटू देणार नाही मी. रिंग नको, प्लग नको, काही कारण नको. तू आपल्या दादाकडे येतेस, तशीच येत जा. तेवढं मात्र…”

काचेपलीकडे रेडिएटरवाल्याने खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत ठेवला.

नणंदेने हात पुढे करून पंखा अगदी बारीक केला. घरघर मावळली. गाडीत दोघींचे श्वास ऐकू येऊ लागले.

“वहिनी,” ती म्हणाली. अजून समोरच बघत होती, पण टाच जमिनीवर टेकलेली होती. “दादा होता ना, तेव्हाही मी तुझ्याकडेच येत होते.”